पाचपासून मोजणाऱ्या अंजनाबाई

अंजनाबाई पोळ्या लाटताना पाचपासून मोजायच्या. पहिली पोळी तव्यावर पडली की "फाय", दुसरी पडली की "सिक्स", मग "सेव्हन", "एट", आणि त्यानंतर कुठे एक. त्यामुळे आठ पोळ्या केल्या असं त्यांनी सांगितलं की डब्यात बारा निघायच्या. माझी सगळी नोकरी सिल्वासाच्या भूमापन कचेरीत गेली. नकाशावर वीतभर जमीन इकडची तिकडे झाली तरी मला जेवण गोड लागत नसे. एकदा न राहवून विचारलं, "अंजनाबाई, एक ते चार जातात कुठे?"

"ते मास्टरजींचे, साहेब. ते मनातल्या मनात मोजू राहतात. आपल्याले आवाज येतो तो पाचपासून. आठ झाले की पाय उचलायचा. पहिल्या चारांशी ग्रुपवालीले काय करायचं?"

ग्रुपवाली म्हणजे सिनेमाच्या गाण्यात नायक-नायिकेच्या मागे रांगेत नाचणारी. त्या चौदा वर्षं तशा नाचल्या. त्याआधी अकरा वर्षं खानदेशातल्या एका तमाशाच्या फडात गायल्या आणि नाचल्या. आणि या सगळ्यानंतर, साठी उलटल्यावर, आमच्या घरी दीड वर्ष पोळ्या केल्या. पहिल्या दोन ठिकाणी त्यांनी किती लोकांचं मन रमवलं ते मला ठाऊक नाही. तिसऱ्या ठिकाणी काय केलं ते ठाऊक आहे, आणि ते लिहून ठेवायलाच हवं.

माझी बायको नलिनी इथल्या मराठी शाळेत शिकवायची. आवाज असा की तिच्या वर्गात पाढे सुरू झाले की रस्त्यापलीकडचा पानवाला बे दुणे चार म्हणत कात लावायचा. एका सकाळी हजेरी घेताना सतराव्या नावापाशी ती थांबली. मुलांना वाटलं, बाई रागावल्या. पक्षाघात होता. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. पाय थोडा परतला, हात त्याहून कमी. वाचा मात्र गेली ती गेलीच. समजायचं सगळं. पेपर चाळायची, मालिकेतल्या सासूवर चिडायची, मी खोटं बोललो की लगेच ओळखायची. पण तोंड उघडलं की नुसती हवा. मानेच्या शिरा ताणल्या जायच्या, डोळे भरून यायचे आणि शेवटी ती हात झटकून तोंड फिरवायची. वापीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पहिल्या सहा महिन्यांत जे येईल ते येईल. नंतर फार आशा धरू नका." अंजनाबाई आमच्याकडे लागल्या तेव्हा पाचवा महिना चालू होता.

त्या स्वयंपाकाला म्हणून आल्या. त्यांचा मुलगा भूषण पिपरियाला सुताच्या कारखान्यात मशीनवर होता आणि आमच्या सोसायटीच्या मागच्या चाळीत त्यांची खोली होती. बारीक अंग, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, आणि उभं राहण्याची एक तऱ्हा: सगळं वजन एका पायावर, दुसरा नुसता टेकलेला, पाठ ताठ. भिंतीला टेकायच्या नाहीत, खुर्चीवर बसायच्या नाहीत, चहासुद्धा उभ्यानं. मला वाटलं, संकोच असेल. दोन-तीनदा आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "टेकलं की कपड्याले चुण्या पडतात, साहेब. मंग ड्रेसवाला ओरडतो." तो ड्रेसवाला कधीच मागे राहिला होता, पण त्याचा धाक अजून होता.

आठ दिवसांनी शेजारच्या मीनाबेन वाटीभर साखर मागायला आल्या आणि साखरेच्या बदल्यात बातमी देऊन गेल्या. "भाई, आ बाई तो तमाशामां नाचती हती." मी पडलो कोकणी. आमच्या राजापूरकडे दशावतार बघायला अख्खं गाव जायचं, पण तमाशा हा शब्द आवाज खाली करूनच उच्चारला जायचा. मी नलिनीला हळूच म्हटलं, दुसरी बाई बघतो. तिनं डाव्या हातानं समोरचं ताट माझ्याकडे सरकवून दिलं. दुसरी बाई आली तर मी जेवणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. बोलता न येणाऱ्या माणसाशी वाद घालून जिंकता येत नाही. अंजनाबाई राहिल्या. त्या वेळच्या माझ्या मनाची मला आज लाज वाटते.

व्यायाम शिकवायला फिजिओची एक मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. गोड पोर, पण कायम घाईत. "आंटी, दस बार पैर उठाओ, चलो," म्हणायची आणि व्यायामाच्या चित्रांचा कागद भिंतीला चिकटवून निघून जायची. नलिनी तीनदा पाय उचलायची आणि चौथ्यांदा डोळे मिटून घ्यायची. अंजनाबाईंनी एक दिवस तो कागद जवळ जाऊन बघितला. "हे तर आमचं सकाळचं वॉर्मिंग," म्हणाल्या, आणि मळलेली कणीक झाकून नलिनीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"मास्तरीणबाई, माझ्याकडे नका बघू, समोर बघा. शेजारची काय करते ते बघायचं नसतं, कळलं पाहिजे नुसतं. फाय, सिक्स, सेव्हन, एट."

आठला दोघींचे पाय उचलले गेले. नलिनीचा चार बोटं. अंजनाबाईंचाही चारच बोटं. मला वाटलं, यांचेही गुडघे गेलेले दिसतात. मग एकदा फडताळावरचा डबा काढताना त्या बाईंनी एक टाच सहज ओट्यापर्यंत नेली, ते मी पाहिलं. पुढे त्यांनीच सांगितलं. रांगेतल्या बाईची हुशारी पाय उंच नेण्यात नसते. रांगेतली सगळ्यात कच्ची जेवढा उचलते तेवढाच आपण उचलायचा, म्हणजे रांग सरळ दिसते. "पुढच्या रांगेत जायचं असेल तर उंच उचला. काम टिकवायचं असेल तर सरळ उचला." त्यांनी चौदा वर्षं काम टिकवलं. आमच्या घरात नलिनीचा पाय महिन्याभरात गुडघ्यापर्यंत आला आणि त्यांचाही बरोबर तेवढाच वर येत गेला.

दुपारी टीव्हीवर जुनी गाणी लागायची. आपण सगळे नायिकेकडे बघतो. अंजनाबाई पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात मागे बघायच्या. "ही बघा कुसुम. हिचा पाय मुरगळला होता त्या दिशी, बघा कशी हसू राहिली." "ही पिवळ्या ओढणीवाली, तिचं लेकरू मेकअप रूममध्ये झोपलं होतं, तिचं सगळं ध्यान तिकडे." मधूनच एका ठिकाणी बोट टेकवायच्या. "आणि ही मी." तोवर कॅमेरा पुढे गेलेला असायचा. मला कधीच त्या दिसल्या नाहीत. नलिनीला दिसत असाव्यात, कारण ती होकारार्थी मान हलवायची. खरं काय ते तिलाच ठाऊक.

सिनेमातला त्यांचा पहिला दिवस मी त्यांच्याकडून निदान सहा वेळा ऐकला असेन. फड मोडला होता, कुणीतरी ओळखीनं मुंबईच्या स्टुडिओत नेलं, दुसऱ्या रांगेत तिसऱ्या जागी उभं केलं. गाणं सुरू झालं. आठ मोजले गेले आणि बारा जणी कॅमेऱ्याकडे हसत पुढे आल्या. अंजनाबाई गर्रकन मागे फिरल्या, पदर डोक्यावरून दोन्ही हातांनी धरला आणि कॅमेऱ्याला पाठ करून उभ्या राहिल्या. फडात तसंच असतं. बाई आधी पाठमोरी उभी राहते, वाद्यांना आणि देवाला मुजरा करते आणि मगच लोकांकडे तोंड फिरवते. मुजऱ्याआधी तोंड दाखवणं म्हणजे देवळात चपला घालून जाण्यासारखं.

"कट! ए तीन नंबर, पीठ क्यूँ दिखाती है?" डान्सचे मास्टर ओरडले.

"मुजरा झाल्याशिवाय तोंड कसं दाखवू?" या म्हणाल्या.

सगळा स्टुडिओ हसला. मास्टर म्हातारे होते, त्यांनीही कधीकाळी कुठल्याशा नाटक कंपनीत पायात चाळ बांधले होते. ते खाली उतरले, लाईट बंद करायला सांगितलं आणि म्हणाले, "कर ले. फिर काम शुरू करेंगे." अंजनाबाईंनी बंद कॅमेऱ्यासमोर मुजरा केला. तिथून पुढे त्या मास्टरांच्या प्रत्येक गाण्याच्या पहिल्या दिवशी ते विचारायचे, "तीन नंबर, मुजरा हो गया?" हे सांगताना अंजनाबाईंचा आवाज जरा जड व्हायचा. त्या म्हणायच्या, सिनेमानं मला नाव दिलं नाही, पण एका माणसानं नंबर तरी लक्षात ठेवला.

त्यांची दुसरी गोष्ट आमच्या दादऱ्याच्या बागेतली. वनगंगेच्या तळ्यावरचे ते लाकडी पूल आणि गवताच्या छपऱ्या एके काळी सिनेमावाल्यांच्या फार आवडीच्या होत्या. अंजनाबाई तरुणपणी तिथे चार दिवस नाचून गेल्या होत्या आणि म्हातारपणी मुलाच्या नोकरीपायी त्याच गावाशेजारी राहायला आल्या, याचं त्यांना कधी नवल वाटलं नाही. "जागा गोल असते साहेब, फिरत्या स्टेजसारखी." नलिनीला घराबाहेर चालवायची वेळ आली तेव्हा त्यांनी तीच बाग निवडली. मी रिक्षा ठरवली. पुलापाशी आल्यावर नलिनी थबकली. कठडा बुटका, खाली पाणी, उजवा पाय अजून ओढत चालणारा. तिनं मान जोरात हलवली.

"इथं मी पडले होते," अंजनाबाई म्हणाल्या. "मागे मागे जायचं होतं. आठ पावलं. पूल सहाच पावलांचा निघाला, मागे घसरडा काठ."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, पाण्यात. घागऱ्यासकट. पन पडता पडता हसले. पडलं की आधी हसायचं, साहेब, लागलं का ते नंतर बघायचं. कॅमेरा चालू असतो." त्यांनी नलिनीकडे बघितलं. "चला मास्तरीणबाई. सहाच मोजू."

नलिनी सहा पावलं चालली. मी मागून दोन्ही हात पसरून, कोंबडी धरायला निघाल्यासारखा. कुणीच पडलं नाही. पलीकडे पोचल्यावर अंजनाबाईंनी अर्ध्या पुलावर अडकलेल्या माझ्याकडे बघून तिला म्हटलं, "आता साहेबांना आणा."

पाय असा सुधारत होता, पण सहावा महिना संपला आणि वाचा आली नाही. मी रोज सकाळी तिच्यासमोर बसून "पाणी म्हण, चहा म्हण" करायचो. फार वाईट दिवस होते ते. मी तिला तिसरीतल्या पोरासारखा शिकवायला बघत होतो आणि तिला ते सहन होत नव्हतं. एक दिवस तिनं कप ढकलून दिला. अंजनाबाईंनी फुटलेला कप गोळा केला. नंतर ओट्याशी जाऊन कणीक मळताना त्या आपल्याशीच एक गवळण म्हणायला लागल्या. त्यांच्या फडाच्या शाहिरानं बांधलेली होती.

"माझ्या घागरीत दूध, तुझ्या मनात पाणी,
सोड वाट कान्हा, मला उशीर झाला..."

आणि थांबल्या. मागे वळून नलिनीकडे बघितलं. "झील कोण धरंल?"

फडात मुख्य बाई ओळ म्हणते आणि मागे उभे असलेले झीलकरी "जी जी रं जी" म्हणून ती उचलून धरतात. झील आल्याशिवाय पुढची ओळ सुरू करायची नाही, अशी तिथली शिस्त. अंजनाबाई कणकेचे हात तसेच ठेवून वाट बघत राहिल्या. मी बाहेरून म्हणालो, "अहो, तिला कसं..."

"साहेब, तुम्ही प्रेक्षक," त्या म्हणाल्या. "गप बसा."

दुसऱ्या दिवशी तीच ओळ, तसंच थांबणं. तिसऱ्या दिवशीही. पुढची ओळ काय आहे ते ऐकायला मीसुद्धा उतावीळ झालो, पण त्या काही म्हणेनात. मी चिडून विचारलं की यात तिला समजायचं काय आहे, तर म्हणाल्या, "झीलकऱ्याले अर्थ लागत नाही. त्याले फक्त वेळ सापडली पाहिजे." आणि मग सांगितलं की त्यांच्या फडात एक झीलकरी होता, बोलायला लागला की अडकायचा, भाकर मागायलाही त्याला घटकाभर लागायची. पण झील धरताना तो जन्मात कधी अडकला नाही.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी मी ऑफिसला निघताना बाहेर मोजे चढवत होतो. आत अंजनाबाईंनी ओळ म्हटली, थांबल्या, आणि त्या दिवशी मागे न बघता पोळी तव्यावर टाकली. आणि मागून आवाज आला, "जी."

एवढाच. खरखरीत, गंजलेल्या बिजागरीसारखा. पण तो नलिनीचा होता. अठ्ठावीस वर्षं ऐकलेला आवाज मी विसरणार होतो का? माझा एक मोजा हातात राहिला. अंजनाबाई वळल्या नाहीत. त्यांनी पुढची ओळ सुरू केली, जी ऐकायला मी नऊ दिवस थांबलो होतो आणि जी मला त्या वेळी ऐकूच आली नाही, कारण मी दाराशी उभा राहून रडत होतो. नंतर विचारलं, वळलात का नाही? तर म्हणाल्या, "मागे बघितलं असतं तर झील तुटली असती."

वापीच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी समजावलं की मेंदूत बोलण्याची जागा एकीकडे आणि गाण्याची दुसरीकडे असते, एक बंद पडली तरी कधीकधी दुसरीकडून वाट निघते. मी ते अंजनाबाईंना मोठ्या उत्साहानं सांगितलं. "हो का," एवढंच म्हणाल्या आणि भाजीला फोडणी दिली.

त्यानंतर त्या ओळीचा शेवटचा शब्द गाळायला लागल्या. "मला उशीर..." आणि थांबायचं. नलिनी म्हणायची, "झाला." मग गवळणीची चाल तीच ठेवून घरातले शब्द त्यात घातले. एका रविवारी आमटी मी केली होती. अंजनाबाई आल्या, चाखली आणि चालीवर म्हणाल्या, "साहेबांच्या आमटीत मीठ मुळी..." नलिनीनं ताबडतोब सुरात पुरं केलं, "नाही." सात महिन्यांत माझ्या बायकोनं माझ्याविषयी काढलेला हा पहिला शब्द. मला इतका आनंद झाला की मी ती आमटी तशीच प्यालो.

मग आमच्या घरात सगळंच चालीवर सुरू झालं. माझ्या गळ्याबद्दल आमच्या घराण्यात दुमत नाही, आरतीलासुद्धा मला झांजा देऊन गप्प बसवतात. पण मीही ओट्याशी उभा राहून "दूधवाला आला गं, पातेलं कुठे ठेवलं" असं गायला लागलो. मीनाबेन एकदा दारात येऊन ऐकून गेल्या आणि त्यांनी साखर मागितली नाही. नलिनी आता चालीवर पूर्ण वाक्यं म्हणू शकत होती. चाल काढून घेतली की मात्र पुन्हा हवा. गाता यायचं, बोलता यायचं नाही.

त्यातच ते आमच्या आमली भागातल्या किराणा दुकानातलं झालं. नलिनी पहिल्यांदा एकटी दुकानात गेली. चार पावलांवर तर होतं. काउंटरशी उभं राहून तिनं गवळणीच्या चालीवर म्हटलं, "साखर द्या हो किलोभर." दुकानदार चांगला माणूस, त्यानं साखर बांधायला घेतली. पण मागे उभे असलेले दोघे हसले आणि एकानं मोबाईल वर धरला. ती साखर न घेताच परत आली आणि बोलायची बंद झाली. घरातही सूर नाही. अंजनाबाई म्हणाल्या, "हसले तर हसले. प्रेक्षक आहेत. फडात तर दगड बी यायचे." नलिनीनं मान फिरवली. झील मागितली, मिळाली नाही. दोन आठवडे गेले. अंजनाबाईंचं माझ्या घरात पहिल्यांदाच काही चालेना, आणि त्यांचे खांदे उतरलेले मी तेव्हाच पाहिले.

त्याच सुमारास भूषणचे कारखान्यातले दोस्त त्यांच्याकडे आले. ही खानदेशची पोरं सुट्टीच्या दिवशी अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकतात. लग्नाचं गाणं होतं, त्यात नाचणारी आजी पाहिजे होती. म्हणजे चौदा वर्षं सिनेमात नाचून ज्या बाईचा चेहरा कुणाला धड दिसला नाही, तिला आता रांगेच्या पुढे उभं राहायला बोलावत होते. अंजनाबाईंनी एकच अट घातली. "वऱ्हाडात मास्तरीणबाई पाहिजेत." नलिनी नको नको करत होती. त्या म्हणाल्या, "मागच्या रांगेत उभ्या राहा. तिथलं कुणी बघत नाही, मी चौदा वर्षं राहिले ना."

दुधनीला जलाशयाच्या काठावर शूटिंग होतं. मासेमारीच्या होड्या एका बाजूला ओढून ठेवल्या होत्या. चाळीतल्या दहा बायका नटून आलेल्या. मला थर्माकोलचा एक मोठा तक्ता देण्यात आला, त्यानं ऊन बायकांच्या तोंडावर पाडायचं. स्पीकरवर गाणं लागलं. दिग्दर्शक पोरगा म्हणाला, "आजी, फकत ओठ हलाव, आवाज नंतर लागस."

"गळ्याची शीर हालली नाही तर कॅमेऱ्याले कळतं रे भाऊ," अंजनाबाई म्हणाल्या, आणि मोठ्यानं गायला लागल्या. त्या गायल्या म्हणून सगळ्या गायला लागल्या. अहिराणी नलिनीला येत नव्हती, पण त्या काठावर गाणाऱ्या बाईकडे वळून बघायचं कुणालाच कारण नव्हतं, न गाणारीच वेगळी दिसली असती. मी थर्माकोलच्या आडून बघितलं. तिचे ओठ आधी नुसते हलले. मग गळ्याची शीर हालली.

तिसऱ्या कडव्यात आजीनं खाली बसून गिरकी घ्यायची होती. अंजनाबाई बसल्या आणि उठता येईना. गुडघ्यानं दगा दिला. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जी भीती आली ती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. पुढच्या रांगेतला तो पहिला दिवस, आणि शेवटचा ठरणार की काय, असं त्यांना वाटलं असणार. मागच्या रांगेतून नलिनी ओढत्या पायानं पुढे आली आणि तिनं डावा हात दिला. अंजनाबाईंनी तो धरला, वजन पडलं आणि दोघी चिखलात बसल्या. दोघीही आधी हसल्या. नलिनीचं खळखळून हसणं मी वर्षभरानं ऐकलं आणि थर्माकोल सोडून दिला, तो पाण्यात गेला. पोरांनी तो भाग व्हिडिओत तसाच ठेवला आहे. अंजनाबाईंचा चेहरा अख्ख्या पडद्यावर आहे, चांगला मोजून पाहावा इतका वेळ.

त्या दिवसानंतर नलिनी सुटे शब्द चालीशिवाय बोलू लागली. चहा. नको. अहो. बास. नावं चुकायची, मला ती कधी कधी स्वतःच्या भावाच्या नावानं हाक मारायची. किराणा दुकानात पुन्हा गेली आणि "साखर" एवढंच म्हणून आली. पण शब्दाला शब्द जोडून वाक्य होत नव्हतं. दोन शब्दांच्या मध्ये ती अडायची, आणि मग चाल धरूनच पुढे जायची. मी मनाशी म्हटलं, एवढं मिळालं हेच खूप. डॉक्टरांनी तर फार आशा धरू नका म्हणूनच सांगितलं होतं.

भूषणला धुळ्याकडच्या एका गिरणीत काम मिळालं आणि अंजनाबाईंना जाणं भाग झालं. तो आठवडाभर आधी पुढे गेला, खोली लावायला. शेवटच्या दिवशी त्या आल्या, पोळ्या केल्या, पाचपासून मोजल्या. मी त्यांना म्हणालो, "अंजनाबाई, तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही." त्या म्हणाल्या, "नका मानू. मास्तरीणबाईंच्या रांगेत मीबी सरळ चालले, इतके दिवस." मला त्यांच्या पाया पडायचं होतं. वयानं त्या मोठ्या होत्या, वाकायला काहीच हरकत नव्हती. तरी मी वाकलो नाही, शेजारी बघतील म्हणून. ती चूक माझी मलाच सलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या नाशिकच्या गाडीत त्यांना बसवायला आम्ही दोघं स्टँडवर गेलो. त्यांच्याजवळ एक ट्रंक आणि चाळांचं जुनं गाठोडं. गाडीत खिडकीशी जागा मिळाली, पण त्या बसल्या नाहीत, खिडकीपाशी उभ्याच. कंडक्टर म्हणाला, "आजी, बसा ना." त्या आमच्याकडे बघून हसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर सीटला पाठ टेकून बसल्या. इंजिन सुरू झालं. नलिनी खिडकीखाली गेली. मी तिच्या मागे होतो, मला तिचं तोंड दिसत नव्हतं. तिचे खांदे वर गेले, मान ताठ झाली. मला वाटलं, आता गवळणीची चाल येईल.

"अंजनाबाई," ती म्हणाली, "पोचल्यावर फोन करा."

चाल नव्हती. साधं, कुणीही कुणाला स्टँडवर म्हणतं तसं बोलणं. मध्ये कुठे अडली नाही. खिडकीत अंजनाबाईंचे डोळे एकदम भरून आले, पण त्यांनी रडायचं काम बाजूला ठेवलं. नीट ऐकू आलं होतं त्यांना. तरी त्यांनी एक हात कानामागे धरला, दुसरा खिडकीबाहेर काढला आणि एक बोट वर केलं.

"वन्स मोअर," त्या म्हणाल्या.

गाडी हलली. नलिनी पाय ओढत खिडकीच्या बरोबरीनं दोन पावलं चालली आणि आधीपेक्षा मोठ्यानं म्हणाली, "पोचल्यावर फोन करा." गाडीतली चार माणसं वळून बघायला लागली. बोट खाली आलं नाही. ती तिसऱ्यांदा म्हणाली, अगदी वर्गात म्हणायची तशा आवाजात. गाडी स्टँडबाहेर पडून रस्त्याला लागली, वळली, तरी तो हात खिडकीबाहेर होता आणि बोट वरच होतं, आणि नलिनी रिकाम्या फलाटावर उभी राहून म्हणतच होती.